ढब्बूची ‘स्टेज’ नक्की कोणती?

पत्र

डॉक्टर, आमचा बोका ढब्बू तेरा वर्षांचा आहे. दिवाळीनंतर तो बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, मी मनावर घेतलं नाही. जानेवारीत उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस खाणं बंद. जवळच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून ‘किडनी, स्टेज ३’ सांगितलं आणि तीन दिवस ड्रिप लावली. आम्ही घाबरून दुसऱ्या क्लिनिकला गेलो, तर ते म्हणाले ‘स्टेज २’. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही स्टेज २. या दोघांत खोटं कोण बोलतंय? माझे मामेसासरे किडनीच्या शेवटच्या स्टेजला डायलिसिसवर होते, त्यामुळे घरात या शब्दाचीच धास्ती आहे. मिस्टर म्हणतात रोज ड्रिप लावू. शेजारचे म्हणतात, आता त्याला सोडवा. सासूबाई त्याला रोज सुके बोंबील घालायच्या, म्हणून सगळे त्यांनाच बोल लावतायत. ढब्बू आता खातो, हिंडतो, दुपारी खिडकीत बसून कबुतरांवर दात वाजवतो. पण सोसायटीतला एक लॅब्रेडॉर लिम्फोमा या कॅन्सरच्या ‘स्टेज ३’ला होता, तो चार महिन्यांत गेला. रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

— ढब्बूची आई, डोंबिवली

उत्तर

ढब्बूच्या आई, शेजाऱ्यांचं आधी संपवते. ढब्बू खातोय, हिंडतोय, तुम्हीच लिहिलंय की दुपारी खिडकीत बसून कबुतरांवर दात वाजवतो. त्याला ‘सोडवण्याचा’ विषय आज काढायचं काहीही कारण नाही. एवढं घरी सगळ्यांना सांगा, मग पुढचं वाचा.

दोघांपैकी खोटं कुणीही बोललेलं नाही. पहिल्या डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, फक्त त्यांनी त्या दिवशी ‘स्टेज’ हा शब्द उच्चारायला नको होता. असं ठामपणे म्हणते, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे, तीही याहून वाईट.

प्रॅक्टिसची पहिली-दुसरी वर्षं असतील. एक आजोबा त्यांचा बोका घेऊन आले. तो निपचित होता, अंग गार पडलेलं, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ११. मी आकडा बघितला आणि गंभीर चेहऱ्याने सांगून टाकलं, ‘चौथी स्टेज आहे.’ आजोबा बाकावर बसून रडले. दहा मिनिटांनी माझ्या सीनियरने येऊन बोक्याच्या पोटाला हात लावला, तर मूत्राशय लिंबाएवढं टणक. लघवी तुंबली होती, दुसरं काही नाही. नळी घालून वाट मोकळी केली, चार दिवसांत क्रिएटिनिन १.५ वर आलं आणि तो बोका पुढे सात वर्षं जगला. आजोबा दर वेळी लसीला आले की विचारायचे, ‘काय डॉक्टर, आमच्या चौथ्या स्टेजचं काय?’ त्यानंतर आधी हात आणि मग रिपोर्ट, हा क्रम मी मोडलेला नाही.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रोज थोडा थोडा निघणारा कचरा. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. तो रक्तात साठला तर त्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात. किडनीपर्यंत रक्तच नीट पोचत नसेल, जसं उलट्या होऊन शरीर सुकल्यावर होतं. किडनी स्वतः खराब असेल. किंवा किडनीच्या पुढची वाट बंद असेल, आजोबांच्या बोक्यासारखी. आकडा तिन्हीकडे सारखाच वाढतो. ढब्बूचं जानेवारीतलं ३.४ हे दोन कारणांची बेरीज होती, आजारी किडनी अधिक दोन दिवसांचं सुकलेलं शरीर. ड्रिपने दुसरं कारण गेलं आणि आकडा २.३ वर उतरला. तीन आठवड्यांनी घरचं खाऊनपिऊन, ड्रिपशिवाय तो २.५ आला. तोच त्याचा खरा आकडा.

किडनीच्या आजाराचे टप्पे जगभर ज्या पद्धतीने ठरवतात ती पद्धत ‘आयरिस’ नावाच्या गटाने घालून दिलेली आहे. कुत्र्या-मांजरांच्या किडनीवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा हा आंतरराष्ट्रीय गट १९९८ मध्ये स्थापन झाला. टप्पा कधी ठरवायचा, याचा त्यांचा नियम स्पष्ट आहे. जनावर स्थिर हवं, शरीरात पाणी पुरेसं हवं, उपाशीपोटी रक्त घेतलेलं हवं आणि एकदा नव्हे, निदान दोनदा तपासलेलं हवं. उलट्या करत आलेल्या मांजराच्या रक्तावरून टप्पा सांगणं म्हणजे लोकल पकडायला धावत आलेल्या माणसाची नाडी बघून त्याला हृदयरोग आहे म्हणणं.

मांजरात क्रिएटिनिन १.६ च्या खाली असेल तर पहिला टप्पा. १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा, पाचच्या वर चौथा. संपले टप्पे. तुमच्या मामेसासऱ्यांची पाचवी स्टेज माणसांच्या मोजपट्टीवरची, ती पट्टीच वेगळी. कुत्र्यांचीही थोडी वेगळी आहे, त्यांचा पहिला टप्पा १.४ लाच संपतो. म्हणून तुमच्या रिपोर्टवर आकड्यासमोर जी ‘नॉर्मल रेंज’ छापली आहे ती पेनाने खोडून टाका. रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलेलं दिसतंय आणि कॉम्प्युटरने माणसांचीच रेंज छापली आहे. आपल्याकडे हे सर्रास होतं. १.४ ला ठळक अक्षरात ‘हाय’ लिहून आलेलं असतं, घरचे रात्रभर झोपत नाहीत आणि मांजर एकदम ठणठणीत.

पहिल्या टप्प्यात आकडा नॉर्मल असूनही आजार कसा, असं तुम्ही विचाराल. किडनीचा साठा इतका मोठा असतो की साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन जागचं हलत नाही. त्याच्या आधी, दोन तृतीयांश काम गेलं की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. लघवी पाण्यासारखी होते, जास्त होते, म्हणून तहान वाढते. म्हणजे बादलीत तोंड घालणारा बोका सासूबाईंनी पाहिला, तेव्हा रक्ताच्या रिपोर्टमध्ये कदाचित काहीच दिसलं नसतं.

आता तुमच्या पहिल्या डॉक्टरांची बाजू घेते. त्यांनी ड्रिप लावण्याआधी लघवी घेतली. ही फार शहाणपणाची गोष्ट आहे आणि गर्दीच्या ओपीडीत ती नेमकी राहून जाते. लघवीचा एक थेंब काचेवर ठेवून छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून तिचा घट्टपणा बघतात. धडधाकट मांजराचा आकडा १.०३५ च्या वर असतो आणि शरीर सुकलेलं असेल तर तो आणखी वर जायला हवा, कारण तेव्हा किडनी पाण्याचा थेंबन् थेंब वाचवते. ढब्बू दोन दिवस उपाशी होता, उलट्या करत होता, तरी त्याचा आकडा १.०१८. वाचवायची वेळ आली तरी किडनीला पाणी वाचवता आलं नाही. क्रिएटिनिन काही का असेना, किडनीवरचा संशय इथे पक्का होतो. ड्रिपनंतर हीच तपासणी केली असती तर तिला काडीचा अर्थ नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, तेही योग्यच. दोन्ही किडन्या लहान, कडा उंचसखल असं लिहिलंय. हा जुना आजार. नुकता झालेला घाव असता तर किडन्या सहसा सुजून मोठ्या दिसतात. अचानक होणारे घाव वेगळे. मांजराने लिलीच्या फुलांचा गुच्छ चावला, किंवा पावसाळ्यात कुत्र्याला लेप्टो झाला, तर तो प्रकार तासा-दिवसांत चढतो आणि त्याला टप्पा लावत नाहीत. त्याची तीव्रता ‘ग्रेड’मध्ये सांगतात आणि ती रोज बदलू शकते. तिथून जनावर पूर्ण बरंही होऊ शकतं. ढब्बूची किडनी मात्र पूर्वीसारखी होणार नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आपलं काम उतार मंद ठेवण्याचं आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सोसायटीतल्या लॅब्रेडॉरचं लिहिलंय, त्याला लिम्फोमाची ‘स्टेज ३’ होती आणि तो चार महिन्यांत गेला. तो हिशोब ढब्बूला लावू नका. कॅन्सरमध्ये स्टेज म्हणजे रोग किती पसरला. लिम्फोमात एक गाठ सुजली तर पहिली, शरीरभर पुढेमागे गाठी सुजल्या तर तिसरी, यकृत किंवा प्लीहा धरली तर चौथी, रक्तात किंवा हाडाच्या मगजात पोचला तर पाचवी. पेशी किती आक्रमक दिसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात, त्याला ग्रेड म्हणतात. हृदयाच्या झडपेच्या आजारात तर आकडेच नाहीत, ए, बी-एक, बी-दोन, सी, डी अशी अक्षरं आहेत. बी-दोन म्हणजे हृदय मोठं झालंय पण कुत्र्याला अजून त्रास नाही. गोळी सुरू करायची वेळ तीच, म्हणून ते अक्षर फार महत्त्वाचं. तेव्हा डॉक्टर ‘स्टेज’ म्हणाले की पहिला प्रश्न विचारायचा, कशाची आणि एकूण किती?

ढब्बूचा टप्पा दोन हे मला मान्य आहे, पण एका बारीक शंकेसह. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं म्हटलं ना? वर्षभरात ढब्बू ५.२ किलोवरून ४.३ वर आलाय. स्नायू झिजले की कचराही कमी निघतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा सौम्य दिसतो. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा, मणके फण्यासारखे लागत असतील तर मी म्हणते ते लक्षात येईल. म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एसडीएमए नावाची रक्ताची तपासणी केली. ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते आणि क्रिएटिनिनच्या आधी वाढते. मांजरात १८ ते २५ म्हणजे दुसरा टप्पा, ढब्बूचा आकडा २४. म्हणजे दोन्ही साक्षीदार एकच सांगतायत, पण दोघंही दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्याकडच्या टोकाला उभे आहेत. दोन साक्षीदारांत फरक पडला असता आणि तो टिकून राहिला असता, तर वरचा टप्पा धरायचा असतो.

पण तुमच्या जाडजूड फाइलमध्ये दोन गोष्टी नाहीतच, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. टप्प्याचा आकडा हे नुसतं आडनाव. आयरिसच्या पद्धतीत त्याला दोन उपटप्पे जोडल्याशिवाय नाव पूर्ण होत नाही. लघवीतून प्रथिनं किती जातायत आणि बीपी किती आहे. हे दोन्ही कुणी बघितलेलं नाही. औषध ठरतं ते बऱ्याचदा यांच्यावरून.

प्रथिनांसाठी लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात, लॅबवाले त्याला यूपीसी म्हणतात. मांजरात ०.२ च्या खाली ठीक, ०.४ पर्यंत काठावर, त्यावर गेलं तर किडनीची गाळणी गळतेय. आधी लघवीत जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. त्यासाठी लघवी सोनोग्राफीत बघून सुईने थेट मूत्राशयातून घेतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण रक्त काढण्यापेक्षा मांजरं हे मुकाट सहन करतात.

बीपीकडे आपल्याकडे इतकं दुर्लक्ष होतं की मला त्याचा राग येतो. किडनीच्या आजारात बीपी वाढतं, वाढलेलं बीपी किडनी आणखी खराब करतं आणि मांजर तोंडाने काही सांगत नाही. मग एके दिवशी ते भिंतीवर आपटतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि घरचे म्हणतात, कालपर्यंत तर दिसत होतं. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. वरचं बीपी १४० च्या खाली चांगलं, १६० च्या वर पुन्हा पुन्हा आलं तर औषध, १८० आणि त्यावर म्हणजे घाई. औषध बहुतेक वेळा अम्लोडिपिनच असतं, कदाचित तुमच्या घरातल्या कुणाच्या डबीतही असेल. पण त्या डबीतली गोळी मोडून घालू नका, मांजराचा डोस वेगळा. आणि कुठल्याही दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तर कधीच नाही. मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

आणखी एक, तेरा वर्षांच्या मांजरात वजन घटणं आणि तहान वाढणं हे थायरॉइडचंही लक्षण असतं. दोन्ही आजार एकत्र असले तर थायरॉइड किडनीचा आजार झाकतो. पुढच्या रक्ततपासणीत टी-फोर, म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि पोटॅशियम घालायला सांगा.

मिस्टरांच्या रोजच्या ड्रिपबद्दल. ‘ड्रिपने किडनी धुऊन निघते’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारते की किडनी काय मोरी आहे? ड्रिप सुकलेल्या शरीराला पाणी देते. ढब्बू खातोय, पितोय, उलट्या थांबल्यात, त्याला आज तिची गरज नाही. गरज नसताना भरलेलं सलाइन म्हणजे वरून मीठ, म्हाताऱ्या हृदयावर ओझं आणि रोज सुई टोचणाऱ्या माणसांवरून उडालेला विश्वास. पुढे कधी त्वचेखालचं सलाइन घरीच द्यायची वेळ येईल, तेव्हा ते शिकून घेऊ. तोपर्यंत पाण्याचे दोन-तीन रुंद वाडगे घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि हो, बाथरूमची बादलीही राहू द्या, फक्त साबणाची नको.

किती दिवस, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, क्रिएटिनिन २.३ च्या वर असलेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या मांजरांपैकी निम्मी निदानानंतर १,१५१ दिवसांहून जास्त जगली. तिसऱ्या टप्प्यात हा आकडा ७७८ दिवस, चौथ्यात १०३. ढब्बू पहिल्या गटात बसतो. यातली काही मांजरं लवकर गेली, काही आठ वर्षांपर्यंत जगली. हा आकडा कॅलेंडरवर लिहू नका. तेराव्या वर्षी तीन वर्षं म्हणजे सोळा, एवढं घरच्यांच्या कानावर घाला आणि विषय बंद करा.

आता बोंबील. सासूबाईंच्या बोंबलाने किडनी गेली असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळांना होतो, नुसतं विकतचं महागडं खाणं खाणाऱ्यांनाही, आणि बहुतेकदा मूळ कारण शेवटपर्यंत सापडत नाही. मात्र इथून पुढे सुके बोंबील, सुकट, सोडे बंद. त्यात मीठ आहे आणि फॉस्फरस आहे. ढब्बूचा फॉस्फरस ५.४ आहे, या टप्प्यात तो ४.६ च्या खाली हवा. किडनीसाठीचं खास खाणं मिळतं, त्यात फॉस्फरस कमी असतो आणि मांजरांचं आयुष्य वाढवण्यात त्याचा पुरावा इतर बऱ्याच उपायांपेक्षा चांगला आहे. पण एका दिवसात बदलू नका. जुन्या खाण्यात चमचाभर मिसळा, तीन-चार आठवडे घ्या. तोंड फिरवलं तर माघार घ्या, कारण उपाशी मांजराचं यकृत दोन-तीन दिवसांत बिघडायला लागतं आणि ते संकट किडनीपेक्षा मोठं. वासासाठी ताजा मासा बिनमिठाचा उकडून त्याचं दोन चमचे पाणी वर घाला. कांदा-लसूण चुकूनही नको. ते पाणी सासूबाईंच्याच हातून पडू द्या, नाहीतर ढब्बू त्यांच्या खुर्चीखाली बसून ओरडेल आणि सुकट कुठून तरी येईलच. मलाही सासू होती.

पुढची तपासणी पंधरवड्यात करा, यूपीसी आणि बीपीसाठी. सगळं ठीक निघालं तर मग दर तीन-चार महिन्यांनी. दर महिन्याला घरच्या काट्यावर वजन करा, आधी तुमचं एकटीचं, मग त्याला घेऊन. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक या काट्यावर नीट कळत नाही, म्हणून महिन्यांचा कल बघा. सकाळी मोजून भरलेलं पाणी रात्री किती उरलं, वाळूत किती गोळे निघाले, हे वहीत लिहून ठेवा.

बीपीच्या दिवशी क्लिनिकला फोन करून कमी गर्दीची वेळ मागून घ्या. कॅरियरमध्ये सासूबाईंच्या जुन्या साडीचा तुकडा टाका. पोचल्यावर दहा मिनिटं त्याला कॅरियरमध्येच, वरून टॉवेल घालून बसू द्या. शेजारी कुत्रा नको. आधी बीपी, मग बाकी सगळं. रक्त काढल्यावर घेतलेलं बीपी हे भीतीचं बीपी असतं. शेपटीच्या मुळाशी किंवा पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधतात, पहिलं माप सोडून देतात आणि नंतरच्या पाच-सहांची सरासरी काढतात. एकाच मापावर कुणी गोळी लिहून दिली तर ‘पुन्हा एकदा घेता का?’ असं विचारायला लाजू नका.

आणि त्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या. डॉक्टर विचारतील, तहान कधीपासून वाढली, उडी मारताना अडखळतो का, रात्री ओरडतो का. तुम्ही दिवसभर ऑफिसात असता. बादलीजवळचा बोका त्यांनी पाहिला होता.